उमेदवार ठरतो तिथेच निवडणूक: कॅलिफोर्नियाची रेल्वे कंपनी आणि शहरांचं राजकारण

सप्टेंबर १९०६ मधला एक फोटो आहे. कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ या समुद्रकाठच्या गावात रिपब्लिकन पक्षाचं राज्य अधिवेशन भरलं होतं. त्यानिमित्त पक्षातल्या एका बड्या असामीच्या घरी जेवणावळ झाली आणि मंडळी फोटोला बसली. मधोमध बसलाय एब रूफ, सॅन फ्रान्सिस्कोचा वकील, बुटका, कुरळ्या केसांचा, मिशीवाला. त्याच्या मागे उभे असलेले जेम्स जिलेट हे पक्षाचे गव्हर्नरपदाचे उमेदवार. त्यांचा हात रूफच्या खांद्यावर आहे.

रूफ तेव्हा आमदार नव्हता, महापौर नव्हता, साधा नगरसेवकही नव्हता. मग राज्याचा होऊ घातलेला गव्हर्नर त्याच्या खांद्यावर हात ठेवून का उभा होता? फोटो पुढे वर्तमानपत्रात छापून आला तेव्हा लोकांनी हाच प्रश्न विचारला, आणि उत्तरही बहुतेकांना ठाऊक होतं. सॅन फ्रान्सिस्को शहरातून अधिवेशनाला आलेले बरेचसे प्रतिनिधी रूफच्या मुठीत होते. ती मते त्याने जिलेटच्या पारड्यात टाकली होती, आणि हा सौदा सदर्न पॅसिफिक रेल्वे कंपनीच्या कायदा विभागाने जुळवून आणला होता. त्या विभागाचा प्रमुख विल्यम हेरिन याने या कामासाठी आपल्याला १४ हजार डॉलर दिले, असं रूफनेच पुढे तुरुंगातून लिहिलेल्या आठवणींत सांगितलं.

एका शहरातले प्रतिनिधी, एक रेल्वे कंपनी आणि राज्याचा गव्हर्नर. यांना जोडणारी साखळी कळली की त्या काळातलं अमेरिकेचं शहरी राजकारण निम्मं समजलं.

आधी कंपनीबद्दल. सदर्न पॅसिफिक ही कॅलिफोर्नियात नुसती आगगाडी चालवणारी कंपनी नव्हती. रूळ टाकण्याच्या बदल्यात सरकारने दिलेल्या जमिनींमुळे ती राज्यातली सर्वांत मोठी खासगी जमीनदार झाली होती. फेरीबोटी, बंदरातले धक्के, गोद्या, शहरांतली मोक्याची आवारं, सगळीकडे तिचा पाय होता. शेतकऱ्याची संत्री आणि गहू बाजारात पोचणार का आणि कुठल्या दराने, हे ती ठरवायची. व्यंगचित्रकारांनी १८८० च्या दशकातच तिला ऑक्टोपसचं रूप दिलं आणि ते तिला कायमचं चिकटलं.

शहरं तिच्यापुढे किती हतबल होती, याचं नमुनेदार उदाहरण म्हणजे १८७२ चं लॉस एंजेलिस. तेव्हा ते जेमतेम सहा हजार वस्तीचं गाव होतं. कंपनीची दक्षिणेकडची मुख्य लाईन आपल्या गावावरून जावी म्हणून तिथल्या मतदारांनी कंपनीला सुमारे ६ लाख डॉलरचं अनुदान मंजूर केलं, आणि त्यातच गावातून सॅन पेद्रो बंदराला जाणारी छोटी स्थानिक रेल्वेही देऊन टाकली. आपल्या पैशाने बांधलेली बंदराची वाट आपल्याच हाताने सोडून दिली म्हणायची. पण लाईन दुसरीकडून गेली असती तर गाव ओस पडलं असतं ही भीती खोटी नव्हती. १८७६ साली सॅन फ्रान्सिस्कोहून रूळ आले आणि १९०० पर्यंत वस्ती एक लाखावर गेली.

आपल्याकडच्या वाचकाला इथे एक गोष्ट वेगळी वाटेल. जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, तिच्यासारख्या कंपन्यांना भारतात सरकारने भांडवलावर ५ टक्के परताव्याची हमीच दिली होती. लंडन आणि कलकत्ता सांभाळलं की त्यांचं भागायचं. ठाण्याच्या किंवा कल्याणच्या रहिवाशांनी कोणाला मत दिलं याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं, कारण मतच नव्हतं. अमेरिकेत जमीन आणि कर्ज वॉशिंग्टनकडून मिळालं तरी रोजचा धंदा राज्य आणि शहर यांच्या परवानगीवर चालायचा. आणि शहर म्हणजे निवडून आलेली माणसं.

मग कंपनीला शहराकडून नेमकं हवं काय होतं? पहिली गोष्ट रस्ता. गाडी गावाबाहेर कुठूनही नेता येते, गावात शिरल्यावर मात्र ती सार्वजनिक रस्त्यावरून, रस्त्यांना छेद देत न्यावी लागते. त्यासाठी नगरपालिकेचा ठराव लागतो. या हक्काला तिकडे फ्रँचाइज म्हणत. एकदा मिळाला की पंचवीस-तीस वर्षांची निश्चिंती. हक्क आपल्याला मिळाला तर उत्तम, आणि प्रतिस्पर्धी कंपनीला नाही मिळाला तरी तितकाच फायदा, म्हणून ठराव मंजूर करून घेण्याइतकीच तो अडवण्याची ताकदही मोलाची. दुसरी गोष्ट पाणकाठ. बंदराच्या कडेची जमीन ज्याच्याकडे, त्याला टाळून माल जाऊ शकत नाही. तिसरी कर. आवारं, गोद्या, धक्के यांचं मूल्यांकन स्थानिक अधिकारी करायचे, आणि त्या आकड्यात थोडी ढिलाई मिळाली तरी कंपनीचे हजारो डॉलर वाचायचे.

चौथी गोष्ट म्हणजे ते प्रतिनिधी. खरी मेख इथे आहे.

त्या काळी पक्षाचा उमेदवार मतदार ठरवत नसत, अधिवेशनं ठरवत. वॉर्डातले पक्षाचे लोक जमून प्रतिनिधी निवडायचे. ते प्रतिनिधी शहराच्या आणि काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, अधिवेशनात जाऊन महापौर, नगरसेवक, शेरीफ यांचे उमेदवार ठरवायचे आणि तिथून राज्य अधिवेशनाला माणसं पाठवायचे. राज्य अधिवेशन गव्हर्नरचा उमेदवार ठरवायचं, वरच्या कोर्टातल्या न्यायाधीशांचाही, कारण तिथे न्यायाधीशही निवडून यायचे. १८७९ च्या राज्यघटनेने रेल्वेचे दर ठरवायला तीन जणांचं रेल्वे कमिशन नेमलं होतं, तेही निवडणुकीने. विधिमंडळात कोण जाणार हेही याच वाटेने ठरे, आणि अमेरिकेच्या सिनेटवर कोणाला पाठवायचं हे १९१३ पर्यंत विधिमंडळाच्या हातात होतं. रेल्वेचे दर तपासणारा, तिचे खटले ऐकणारा, तिच्यासाठी वॉशिंग्टनमध्ये मत देणारा, सगळ्यांची मुळं वॉर्डातल्या एका बैठकीत.

आणि त्या बैठकीला यायचं कोण? मोजकी माणसं. बहुतेकदा गुत्त्याच्या मागच्या खोलीत किंवा अशाच एखाद्या जागी ती जमायची. नोकरदार, दुकानदार तिकडे फिरकत नसत. ज्यांना पालिकेत नोकरी हवी, कंत्राट हवं, गुत्त्याचा परवाना टिकवायचा आहे, ते हमखास येत. त्यामुळे एका वॉर्डाचे प्रतिनिधी आपल्या बाजूचे करायला हजारो मतदार वळवायची गरज नव्हती, पाच-पन्नास माणसं धरून ठेवली की झालं. मतदानाच्या दिवशी मतदार गुप्तपणे, १८९१ पासून तर सरकारने छापलेल्या मतपत्रिकेवर, हवं त्याला मत देऊ शकत होता. पण मतपत्रिकेवरची नावं आधीच कोणीतरी ठरवलेली. कंपनीचा प्रभाव म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मतदारांना पैसे वाटणारी माणसं येतात. तेही कुठे कुठे चालत असेल, पण ते महागाचं आणि बेभरवशाचं काम. उमेदवार ठरवण्याची पायरी स्वस्त होती, आणि शहरात ती सर्वांत स्वस्त होती, कारण तिथे थोड्या जागेत भरपूर प्रतिनिधी मिळायचे.

हे काम पाहायचा कंपनीचा कायदा विभाग. नाव कायद्याचं, कारभार राजकारणाचा. हेरिन स्वतः डेमोक्रॅट म्हणून ओळखला जायचा आणि राज्यात सत्ता बहुतेक वेळा रिपब्लिकनांची असायची. त्याला त्याचं काही वाटत नसे, कारण कंपनीचा पक्ष एकच होता, सदर्न पॅसिफिक. लॉस एंजेलिसमध्ये त्याच्या बाजूने वॉल्टर पार्कर हा माणूस सूत्रं हलवायचा. काउंटीगणिक अशी माणसं होती.

सर्वांत परिणामकारक हत्यार मात्र साधं होतं, फुकट प्रवासाचा पास. आमदार, न्यायाधीश, संपादक, अधिवेशनाचे प्रतिनिधी यांना कंपनी पास द्यायची. मुंबई ते नागपूर अंतरासारखी अंतरं असलेल्या राज्यात याची किंमत काय असेल याचा अंदाज करा. गंमत अशी की पास घेणाऱ्याला आपण लाच घेतली असं वाटत नसे. रोख रक्कम नाही, पावती नाही, कुठलं काम करून देण्याचा शब्दही नाही. नुसता एक कार्ड-कागद, दरवर्षी नव्याने मिळणारा आणि न मिळण्याची शक्यता असलेला. १९०६ च्या हेपबर्न कायद्याने राज्याबाहेर जाणाऱ्या प्रवासासाठी असे पास देण्यावर बंधनं आणली, आणि ती आणावी लागली यातच सगळं आलं.

आता सॅन फ्रान्सिस्को. इथे एक गल्लत नेहमी होते. तिथे गाजलेलं लाचखोरीचं प्रकरण सदर्न पॅसिफिकचं नव्हतं, युनायटेड रेलरोड्स या शहरातल्या ट्राम कंपनीचं होतं. माल वाहणारी रेल्वे आणि माणसं वाहणारी ट्राम हे दोन वेगळे धंदे. पण दलाल तोच, एब रूफ.

१९०१ साली शहरात गोदी कामगारांचा मोठा संप झाला. पोलीस मालकांच्या बाजूने उतरले याचा राग कामगारांच्या मनात होता. त्यातून युनियन लेबर पक्ष उभा राहिला आणि रूफने त्याला उमेदवार मिळवून दिला, युजीन श्मित्झ, नाटकाच्या थिएटरातला वाद्यवृंद चालवणारा, उंचापुरा, दाढीवाला, देखणा माणूस. श्मित्झ महापौर झाला. १९०५ मध्ये तर १८ च्या १८ नगरसेवक याच पक्षाचे निवडून आले. कामगारांनी निवडून दिलेली माणसं मोठ्या कंपन्यांच्या कामाला कशी आली, हे पाहण्यासारखं आहे. शहरात ज्याला काही हवं असेल तो रूफला आपला वकील नेमायचा. गॅस कंपनी, टेलिफोन कंपनी, जमिनीचे विकासक, बॉक्सिंगचे सामने भरवणारे, सगळेच. रूफ फी घ्यायचा, आणि त्यातला वाटा नगरसेवकांपर्यंत पोचायचा. कंपनीच्या वहीत लाच नाही, वकिलाची फी.

१८ एप्रिल १९०६ ला भूकंप झाला आणि नंतरच्या आगीत शहराचा मोठा भाग जळून गेला. ट्राम कंपनीला विजेच्या तारा रस्त्यावर खांबांवरून न्यायच्या होत्या, ते स्वस्त पडायचं. शहरातल्या बऱ्याच मंडळींना तारा जमिनीखालून हव्या होत्या. भूकंपानंतर ‘आता तरी लवकर ट्राम सुरू करा’ या घाईत मे महिन्यात नगरसेवकांनी खांबांना मंजुरी दिली. त्यासाठी रूफला २ लाख डॉलर मिळाले होते. फिर्यादी पक्षाने कोर्टात मांडलेली हकीकत अशी: बँकांच्या तिजोऱ्या आगीने इतक्या तापलेल्या होत्या की त्या कित्येक दिवस उघडता येत नव्हत्या. शाबूत राहिलेली सरकारी टांकसाळच तेव्हा बँकेचं काम करत होती. पैसे पूर्वेकडून तारेने तिथे आले आणि कंपनीच्या वकिलाने ते टप्प्याटप्प्याने उचलले. बहुतेक नगरसेवकांच्या वाट्याला प्रत्येकी ४ हजार डॉलर आले.

याविरुद्ध उभे राहिलेले लोकही नमुनेदार होते. वर्तमानपत्राचा संपादक फ्रीमॉन्ट ओल्डर, साखरसम्राटाच्या घरातला रुडॉल्फ स्प्रेकल्स ज्याने तपासाचा खर्च उचलला, सरकारी वकिलाच्या बाजूने लढणारा फ्रान्सिस हेनी आणि गुप्तहेर विल्यम बर्न्स. मार्च १९०७ मध्ये नगरसेवकांनी माफीच्या बदल्यात कबुली दिली. त्यानंतर जे झालं ते कादंबरीत घातलं तर संपादक अतिशयोक्ती म्हणून कापेल. ओल्डरला बदनामीच्या खटल्यातल्या वॉरंटच्या नावाखाली भर रस्त्यातून गाडीत घालून, पुढे आगगाडीत बसवून दक्षिणेकडे नेलं. गाडीतल्या एका प्रवाशाला संशय आला, त्याने खबर दिली आणि सांता बार्बराला कोर्टाच्या हुकुमाने त्याची सुटका झाली. नोव्हेंबर १९०८ मध्ये रूफचा खटला चालू असताना भर कोर्टात हेनीला डोक्यात गोळी घातली गेली. तो वाचला. गोळी घालणारा मॉरिस हास कोठडीत मेलेला सापडला, आणि थोड्याच दिवसांनी पोलीसप्रमुख खाडीत बुडून मेला. हेनीच्या जागी खटला चालवायला आला हायरम जॉन्सन नावाचा वकील. हे नाव लक्षात ठेवा.

रूफला १४ वर्षांची शिक्षा झाली. श्मित्झची शिक्षा वरच्या कोर्टात रद्द झाली. पैसे देणाऱ्यांपैकी कोणीही तुरुंगात गेलं नाही. ट्राम कंपनीचा अध्यक्ष पॅट्रिक कॅल्हून याच्या खटल्यात ज्यूरीचं एकमत झालं नाही. आणि इथे शहराची निवडणूक पुन्हा आड आली. कॅल्हूनने १९०७ साली ट्राम कामगारांचा संप बाहेरून माणसं आणून मोडून काढला होता, त्यात रक्त सांडलं होतं, आणि त्यामुळे शहरातले बरेच व्यापारी-भांडवलदार त्याला आपला माणूस मानायला लागले होते. नगरसेवकांना पकडेपर्यंत टाळ्या वाजवणारे हेच लोक, तपास लाच देणाऱ्यांच्या दारात आल्यावर ‘शहराची बदनामी पुरे’ म्हणू लागले. नोव्हेंबर १९०९ मध्ये हेनी जिल्हा सरकारी वकिलाच्या पदासाठी उभा राहिला आणि हरला. निवडून आलेल्या चार्ल्स फिकर्टला कॅल्हूनवरचे खटले पुढे चालवण्यात रस नव्हता. ते बारगळले. मला या सगळ्या कहाणीतली सर्वांत बोलकी गोष्ट हीच वाटते. लाच घेणारा गरीब पक्षाचा होता तोवर भ्रष्टाचार हा गुन्हा होता.

लॉस एंजेलिसची लढाई कमी नाट्यमय आणि जास्त टिकाऊ ठरली. तिथे कंपनीच्या विरोधात उभे राहिले ते वकील, डॉक्टर, वर्तमानपत्रवाले. एडविन अर्ल याने संत्री थंड ठेवून पूर्वेला नेणाऱ्या रेल्वेडब्यांच्या धंद्यात पैसा केला होता, तो धंदा विकून त्याने एक वर्तमानपत्र घेतलं. रेल्वेचे दर आणि डबे कोणाला कधी मिळतात हे त्याला आतून माहीत होतं. म्हणजे हे सगळे निःस्वार्थी संत होते असं नाही. त्यांच्यातल्या अनेकांचा धंदा मालवाहतुकीच्या दरावर उभा होता.

त्यांच्यातला वेगळा माणूस म्हणजे डॉ. जॉन रँडॉल्फ हेन्स. श्रीमंत डॉक्टर, विचाराने समाजवादाकडे झुकलेला. शहरात विजेच्या ट्राम जोरात धावायच्या आणि माणसं त्यांच्याखाली येऊन मरायची. ट्रामच्या पुढे धडकलेल्या माणसाला झेलणारी चांगली जाळी लावली तर जीव वाचले असते. जाळीला पैसे पडतात म्हणून कंपन्या टाळाटाळ करत, आणि नगरपालिका सक्ती करत नव्हती. निवडून दिलेली माणसं ऐकत नसतील तर मतदारांनीच कायदा करावा आणि नको असलेल्या माणसाला मुदतीआधी घरी पाठवावं, हा विचार हेन्सने लावून धरला. १९०३ मध्ये लॉस एंजेलिसच्या सनदेत, म्हणजे शहराच्या कारभाराच्या मूळ नियमांत, तो उतरला: ठराविक सह्या गोळा केल्या की लोकांनी मांडलेला कायदा मतदानाला, नगरपालिकेने केलेला कायदा मतदानाला, आणि नगरसेवकही पुन्हा मतदानाला. आज आपण ज्याला राइट टू रिकॉल म्हणतो, ते अमेरिकेतल्या शहराच्या कारभारात आणणाऱ्या पहिल्या सनदांपैकी ही एक. पुढच्याच वर्षी डेव्हनपोर्ट नावाच्या नगरसेवकाची त्याखाली गच्छंती झाली. कारण रेल्वे नव्हतं, छपाईचं कंत्राट होतं, जास्त दर लावणाऱ्या वर्तमानपत्राला दिलेलं.

१९०६ च्या महापौरपदाच्या निवडणुकीत सुधारकांनी पक्ष बाजूला ठेवून स्वतःची यादी उभी केली. मतपत्रिकेवर रिपब्लिकन, डेमोक्रॅट, सुधारकांचा अपक्ष आणि समाजवाद्यांचा उमेदवार अशी चौरंगी लढत झाली. बाकीच्या जागांपैकी बऱ्याच सुधारकांनी जिंकल्या, महापौर मात्र झाला डेमोक्रॅट आर्थर हार्पर. पार्करच्या यंत्रणेचा कल हार्परकडे होता असं सुधारक उघड म्हणत. कंपनीचा माणूस रिपब्लिकनांत आणि पसंतीचा महापौर डेमोक्रॅट, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण तुम्ही मागचं वाचलं असेल तर नवल वाटू नये.

हार्परचं पितळ दोन वर्षांत उघडं पडलं. जुगार आणि वेश्याव्यवसाय चालवणाऱ्यांना त्याने कवडीमोल कंपन्यांचे शेअर घ्यायला लावले, म्हणजे संरक्षणाचा हप्ताच, असे पुरावे पुढे आले. सुधारकांनी रिकॉलच्या सह्या भरल्या आणि मार्च १९०९ मध्ये, मतदान व्हायच्या आत, हार्परने राजीनामा दिला. निवडणूक तरी झालीच. सुधारकांचे वयस्कर उमेदवार जॉर्ज अलेक्झांडर समाजवादी फ्रेड व्हीलरविरुद्ध थोडक्या मतांनी जिंकले. कंपनीच्या यंत्रणेकडे उमेदवारच नव्हता. आणि तिच्या जागी सुधारकांना टक्कर द्यायला कोण आलं, तर कामगार.

त्याच सुमाराला सनदेत दुरुस्त्या झाल्या. मतपत्रिकेवरून पक्षांची नावं गेली. अधिवेशनं गेली, त्यांच्या जागी प्राथमिक फेरीत मतदारच उमेदवार छाटू लागले. आणि वॉर्ड गेले: नऊ नगरसेवक सगळ्या शहराने मिळून निवडायचे. पार्करसारख्या माणसाच्या पायाखालची जमीनच यामुळे काढून घेतली गेली, कारण पाच-पन्नास माणसं धरून ठेवण्याजोगी जागाच उरली नाही. त्याच वर्षी शहराने सॅन पेद्रो आणि विल्मिंग्टन ही बंदरगावं आपल्यात सामील करून घेतली. १९०६ मध्येच शहरापासून तिकडे जाणारी जमिनीची एक अरुंद पट्टी जोडून ठेवलेली होती. १८७२ साली हातची गेलेली बंदराची वाट ३७ वर्षांनी परत आली, आता शहराच्या मालकीच्या बंदरासकट.

राज्यपातळीवर बाकीचं पटापट घडलं. लॉस एंजेलिसमधल्या याच मंडळींनी इतर शहरांतल्या संपादक-वकिलांना घेऊन १९०७ मध्ये लिंकन-रूझवेल्ट लीग काढली. १९०९ च्या कायद्याने राज्यातही उमेदवार थेट मतदारांनी निवडायची पद्धत आली. पुढच्या वर्षी लीगने गव्हर्नरपदासाठी उभा केला तो रूफला तुरुंगात धाडणारा हायरम जॉन्सन. त्याचे वडील ग्रोव्ह जॉन्सन सॅक्रामेंटोतले रेल्वेच्या बाजूचे मातब्बर राजकारणी, आणि बापलेकांचं यावरून जाहीर वाकडं. हायरमने प्रचारात आगगाडी वापरली नाही. लाल मोटारीतून, धुळीच्या रस्त्यांनी, गावोगाव फिरून तो एकच गोष्ट सांगायचा: सदर्न पॅसिफिकला राजकारणातून हाकलायचं. तो जिंकला. त्याच्याविरुद्धचा डेमोक्रॅट उमेदवारही रेल्वेविरोधीच होता, त्यामुळे १९१० मध्ये कंपनीच्या बाजूने उघडपणे बोलणारं कोणी शिल्लकच नव्हतं. ती लढाई शहरांत आधीच संपली होती.

१० ऑक्टोबर १९११ ला राज्याच्या मतदारांपुढे एकाच दिवशी २३ घटनादुरुस्त्या आल्या आणि २२ मंजूर झाल्या. रिकॉल आला, न्यायाधीशांनाही लागू होणारा. लोकांनी कायदा मांडायचा हक्क आला. रेल्वे कमिशन पाच जणांचं, गव्हर्नरने नेमलेलं, दात असलेलं झालं. स्त्रियांना मताधिकार मिळाला, तो मात्र साडेतीन हजारांच्या आसपास इतक्या निसटत्या फरकाने.

आता हिशोबाची दुसरी बाजू, कारण सुधारकांनी लिहिलेल्या इतिहासात ती नेहमी पुसट असते. ऑक्टोपस सर्वशक्तिमान होता हे खरं नाही. १८९० च्या दशकात कंपनीला लॉस एंजेलिसचं बंदर सांता मोनिकाला, आपल्या धक्क्याशी हवं होतं. तिने वॉशिंग्टनमध्ये जिवाचं रान केलं आणि ती हरली. कंपनीचं बळ फुगवून सांगण्यात विरोधकांचा फायदा होता, आणि गंमत म्हणजे हेरिनच्या माणसांचाही: आपल्याशिवाय पान हलत नाही असं लोकांना वाटत राहिलं तर निम्मं काम आपोआप होतं. शिवाय वॉर्डातली यंत्रणा मोडली तेव्हा तिच्याबरोबर एक ओळखीचं दारही बंद झालं. नोकरी गेली, पोरगा पोलिसांनी धरला, तर वॉर्डातल्या माणसाकडे जाता यायचं. तो बदल्यात मत मागायचा, पण तो भेटायचा. साऱ्या शहरातून निवडून यायला वर्तमानपत्रं, पैसा आणि नाव लागतं. ते सुधारकांच्या वर्गाकडे होतं. कामगार वस्त्यांना एक वॉर्ड जिंकणं जमलं असतं, सारं शहर जिंकणं अवघड. समाजवादी व्हीलर १९०९ मध्ये महापौरपदाच्या इतक्या जवळ आला होता, त्या पार्श्वभूमीवर वॉर्ड मोडण्याचं राजकारण केवळ रेल्वेविरुद्धचं राहिलं नाही.

सह्या गोळा करून कायदा मांडायचा हक्क तर पुढे कंपन्यांनीही मनापासून स्वीकारला. सह्या गोळा करायला माणसं लागतात, माणसांना पैसे लागतात.

रूफ चार वर्षांहून थोडा अधिक काळ सॅन क्वेंटिन तुरुंगात राहून १९१५ मध्ये सुटला, आणि त्याला सोडा म्हणून सर्वांत जास्त खटपट केली ती त्याला आत घालायला जिवाचा धोका पत्करणाऱ्या फ्रीमॉन्ट ओल्डरने. पैसे देणारे मोकळे फिरत असताना एकटा रूफ आत, हे त्याला सहन होईना. श्मित्झ पुन्हा नगरसेवक म्हणून निवडून आला. लॉस एंजेलिसमध्ये वॉर्ड परत आणावेत ही मागणी जोर धरत गेली आणि १९२५ पासून शहरात नऊऐवजी १५ नगरसेवक, प्रत्येकाचा स्वतंत्र विभाग, अशी पद्धत सुरू झाली. ती आजही आहे, आणि मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसणं हेही तसंच आहे.